बॅराकुडा: यंदाच्या हंगामाच्या नोंदी

अंदमानचा डायव्हिंगचा आणि गरवण्याचा हंगाम आटोपला. रेग्युलेटर, रीळ, कॅमेऱ्याचं हाउसिंग, सगळं गोड्या पाण्यात धुऊन वाळवून ठेवलंय, तेव्हा बॅराकुडा या लांबट, दातेरी शिकारी माशाच्या नोंदी आता एका जागी लिहून काढतो. गेल्या वर्षीपर्यंत माझ्याकडचे बॅराकुडाचे फोटो म्हणजे निळ्या पाण्यातल्या लांबच्या चंदेरी रेघा. यंदा डोळा, दात, पुढे आलेला खालचा जबडा असं सगळं स्वच्छ मिळालं. कॅमेरा तोच, लेन्सही तीच. बदललं ते पाण्यात थांबायचं तंत्र.

आधी ओळख पक्की केली. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, जॉनीज गॉर्ज या डाइव्हच्या जागी मला भेटलेले थवे शेव्हरॉन बॅराकुडाचे. त्यांच्या अंगावर कोन करून गेलेले गडद पट्टे पाठीपासून बरेच खालपर्यंत उतरतात. ग्रेट बॅराकुडा मोठा झाला की बहुधा एकटाच फिरतो. पोटाच्या बाजूला शाईचे शिंतोडे उडावेत तसे काळे डाग आणि शेपटीच्या टोकांना पांढुरकी कड, एवढं पाहिलं की शंका उरत नाही. मीटरभर लांबीचा सर्रास दिसतो, पण दीड मीटरच्या पुढेही जातो.

गॉर्जवर आपण 30 मीटरच्या आसपास असतो. साध्या हवेवर त्या खोलीला डायव्हिंगच्या तक्त्याप्रमाणे 20 मिनिटं मिळतात, म्हणून मी नायट्रॉक्स, म्हणजे 32 टक्के ऑक्सिजन असलेली हवा, घ्यायला लागलो. मुदत वाढते, पण 33 मीटरच्या खाली जायचं नाही हे डोक्यात पक्कं ठेवावं लागतं. प्रवाह असला की थवा प्रवाहाकडे तोंड करून जवळपास जागच्या जागी उभा राहतो. दिवसा हे मासे असे एकत्र असतात आणि रात्री पांगून शिकारीला जातात. म्हणजे आपण त्यांना गाठतो ते त्यांच्या निवांत वेळेत. मागून फिन मारत गेलं की अख्खा थवा तेवढंच अंतर राखून पुढे सरकतो. तुम्ही दमता, हवा संपते, अंतर तेवढंच.

यंदा मी पाठलाग पूर्ण सोडला. खडकाच्या आडोशाला, प्रवाह कमी लागेल अशा जागी, थव्याच्या पातळीच्या जरा खाली तरंगत राहायचं. हात छातीशी, श्वास लांब, बुडबुडे सोडायचे तेही सावकाश. गाइडला हे वर होडीवरच सांगून ठेवलेलं बरं. मग थोड्या वेळाने थव्याची कड वळते. आधी दोन-चार मासे जवळून जातात, त्यांच्यामागे बाकीचे येतात आणि बघता बघता थवा आपल्याभोवती फिरायला लागतो. अंतर किती ठेवायचं ते बॅराकुडाच ठरवतो, आणि शांत बसणाऱ्याला तो बरंच जवळ येऊ देतो. हे मला इतकं पटलंय की आता बाकीच्या माशांच्या बाबतीतही मी हेच करतो.

फोटोवाल्यांसाठी: चंदेरी खवल्यांवरून स्ट्रोबचा (पाण्याखालच्या फ्लॅशचा) उजेड परावर्तित होऊन मासा पांढराफटक येतो. दोन्ही स्ट्रोब बाहेरच्या बाजूला वळवले आणि पॉवर निम्म्यावर आणली तेव्हा पट्टे उठून दिसले.

मोठा ग्रेट बॅराकुडा मात्र खोलवर भेटला नाही. तो भेटला वर येताना, 5 मीटरवरच्या सेफ्टी स्टॉपला (वर येण्याआधी सुरक्षेसाठी थांबतो तिथे), होडीच्या सावलीत. तोंड उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा. नवा डायव्हर यालाच धमकी समजतो. वास्तविक तो कल्ल्यांवरून पाणी खेळवतोय, श्वास घेतोय. त्या उघडझापीत वरच्या जबड्यातले मोठे, सुऱ्यासारखे दात मला एकेक वेगळे दिसले. मी थांबलो तसा तो माझ्याकडे कूस करून थांबला. एका छोट्या क्लीनर रासने, म्हणजे दुसऱ्या माशांची सफाई करणाऱ्या माशाने, त्याच्या कल्ल्याशी काम सुरू केलं आणि त्याच्या पाठीवरचे फिके पट्टे डोळ्यांदेखत गडद झाले. असा रंगबदल वाचला होता, प्रत्यक्षात पहिल्यांदाच पाहिला.

हा मासा मागे मागे येतो तो कुतूहलाने. चावे दुर्मिळ आहेत, आणि झाले तर बहुधा गढूळ पाणी, चकाकणारी वस्तू किंवा भाल्यावर टोचलेला मासा यांपैकी काहीतरी कारण असतं. म्हणून अंगठी, साखळी होडीवरच ठेवायची. मालवणच्या कमी दृश्यमानतेत तर नक्कीच.

आता गरवण्याबद्दल. वांडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान 1983 पासून आहे, अशा संरक्षित हद्दीत गळ टाकायचा नाही. हद्दीबाहेर, रीफ, म्हणजे प्रवाळाचा खडक, जिथे एकदम खोल उतरते त्या कडेला ट्रोलिंग केलं, म्हणजे चालत्या होडीमागे गळ ओढत नेला. बॅराकुडा भक्ष्याचा मागचा भाग कापतो, त्यामुळे नुसता तंगूस (नायलॉनचा दोरा) लावला तर तो लूअरसकट, म्हणजे नकली आमिषासकट, जातो. मी सात पदरी स्टीलच्या तारेचा हातभर लीडर (आमिषाआधीचा मजबूत तुकडा) लावतो. तिहेरी गळ काढून मागे एकच बिनकाट्याचा गळ ठेवला. मासे थोडे जास्त सुटले, पण जे आले त्यांचे गळ लांब पक्कडीने पाण्यातच निघाले. बॅराकुडा होडीत घ्यायचाच नाही. तो उसळी मारतो, आणि अरुंद होडीत त्या दातांपुढे कोणाचीही पोटरी येऊ शकते.

मोठे सगळे सोडले, आणि याबाबत मी कडवा आहे. रीफवरच्या सूक्ष्म जीवांमधलं सिग्वाटेराचं विष लहान माशांतून मोठ्यांत साठत जातं. मोठा ग्रेट बॅराकुडा त्यासाठी जगभर कुप्रसिद्ध आहे. शिजवून, तळून, गोठवून ते जात नाही. चवीला, वासाला कळत नाही. बाधा झालेल्याला उलट्या-जुलाब होतातच, शिवाय थंड वस्तू हाताला भाजल्यासारखी लागते आणि हा त्रास काही आठवडे टिकू शकतो. जेवायला सुरमई आहे, कोकर आहे.

पावसाळा सरला की मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटाला जायचंय. तिथे पाणी अंदमानइतकं स्वच्छ मिळणार नाही, तेव्हा वाइड लेन्स आणि स्ट्रोब आणखी बाहेर, अशी तयारी आत्तापासून करतोय.