पानांवरचं निळं

"सेंद्रिय म्हणता, मग पानांवर हे निळं काय?" आज इटलीतल्या आब्रुत्सो प्रांतातल्या एका घरगुती द्राक्षमळ्यात आमच्यातल्या एका काकूंनी मालकीणबाईंना थेट विचारलं.

बाई जराही वरमल्या नाहीत. "तांबं," म्हणाल्या आणि आतून वही घेऊन आल्या. तारीख, पाऊस, किती किलो. आधी सासऱ्यांचं अक्षर, पुढे लेकाचं.

मला ते मोरचूद, म्हणजे तांब्याची निळी फवारणी, बघून नाशिकच आठवलं. द्राक्षांचा मांडवही तसाच. सेंद्रिय बागेत डाऊनीवर, म्हणजे द्राक्षांवरच्या केवडा या बुरशीरोगावर, दुसरं फारसं काही हाताशी नसतं, आणि तांबं मातीत साचत जातं. म्हणून युरोपात हेक्टरी 7 वर्षांत 28 किलोची मर्यादा आहे. 2023 मध्ये वसंतात पाऊस थांबेना, डाऊनीने आब्रुत्सोतलं अर्ध्याहून जास्त पीक खाल्लं. त्या वर्षाच्या पानावर बाईंनी नुसतं बोट ठेवलं.

मग मोन्तेपुल्चानो दाब्रुत्सो, इथली लाल वाइन, आली. काळपट जांभळी, दणकट, जिभेला तुरट धरणारी. सोबत काडीवर भाजलेलं मेंढीचं मटण. सुरेख जोडी!

पण डोक्यात वहीच राहिली. बाटलीवर सेंद्रियाचं हिरवं पान छापलेलं असतं, त्यामागचा हा हिशेब नसतो. जो हा हिशेब उघडून दाखवतो, त्याच्यावर माझा विश्वास जास्त बसतो.

निर्यातीसाठी आपले बागायतदारही फवारणीची नोंद ठेवतातच. मग बाजारात पेटी घेताना आपण ती कधी मागितली आहे का?