आधी लगीन तारांचं

अमेरिकेतल्या उजव्यांच्या गळी स्वच्छ ऊर्जा उतरवायचे दोन मार्ग वापरून झाले आहेत. पहिला समजावणीचा. दक्षिण कॅरोलिनाचे रिपब्लिकन खासदार बॉब इंग्लिस यांनी २००९ मध्ये विधेयक मांडलं: कार्बनवर टनामागे १५ डॉलरपासून कर आणि त्या बदल्यात पगारावरच्या करात सूट. हिशेब चोख होता. पुढच्याच वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत ते ७१ विरुद्ध २९ टक्क्यांनी आपटले. २०१७ मध्ये जेम्स बेकर आणि जॉर्ज शुल्त्झ हे माजी परराष्ट्रमंत्री पुढे आले. टनाला ४० डॉलर घ्या आणि जमा झालेलं सगळं लोकांना लाभांश म्हणून वाटून टाका, अशी त्यांची योजना. तिचाही कायदा झाला नाही.

दुसरा मार्ग टेक्सासचा. तिथे जोर स्पर्धेवर, जमीनमालकाच्या उत्पन्नावर आणि ग्राहकाच्या बिलावर राहिला. हवामानाचा विषय मागेच पडला. आज अमेरिकेत सर्वांत जास्त पवनऊर्जा त्याच राज्यात तयार होते.

सुरुवात १९९९ च्या ‘सिनेट बिल ७’पासून. सही गव्हर्नर जॉर्ज बुश यांची. कायदा मुळात वीजविक्रीत स्पर्धा आणण्यासाठी होता. त्यातच २००९ पर्यंत २,००० मेगावॅट नवी अपारंपरिक वीज उभारायची अट बसवली. त्याआधी वीज कंपन्यांनी ग्राहकांना एकत्र बसवून, तज्ज्ञांना प्रश्न विचारू देऊन त्यांची मतं घेतली होती. अपारंपरिक विजेसाठी थोडं जास्त भरायची तयारी चर्चेआधी ५२ टक्क्यांची होती, चर्चेनंतर ८४ टक्क्यांची. अंमलबजावणीही सुटसुटीत ठेवली. हजार युनिट तयार झाले की एक प्रमाणपत्र. वीजविक्रेत्याने आपल्या वाट्याची प्रमाणपत्रं बाजारातून घ्यायची. कमी पडली, तर प्रत्येकामागे ५० डॉलर किंवा सरासरी बाजारभावाच्या दुप्पट, यातलं जे कमी असेल तेवढा दंड. कोणी कुठे किती पवनचक्क्या उभारायच्या, यात सरकार पडलं नाही.

आणि तिथेच घोडं अडलं. वारा पश्चिमेला, गिऱ्हाईक पूर्वेला डॅलस, ऑस्टिन, ह्यूस्टनकडे. पवनचक्क्यांचं शेत वर्ष-दोन वर्षांत उभं राहतं, उच्चदाब वाहिनीला पाच वर्षंही पुरत नाहीत. वाहिनी नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, प्रकल्प नाही म्हणून राज्याचा वीज नियामक आयोग वाहिनी मंजूर करत नाही. तोवर जे उभे राहिले ते सगळे जुन्या तारांवरच लटकले. २००९ मध्ये तिथल्या ग्रिडला पवनविजेपैकी तब्बल १७ टक्के निर्मिती थांबवायला लावावी लागली. रात्री बाजारभाव उण्यात जायचा, म्हणजे वीज देणाऱ्यालाच पैसे मोजावे लागायचे, तरी पंखे फिरत राहायचे. कारण केंद्राची करसवलत युनिटमागे दोन सेंटच्या वर होती. भाव उणे दोन सेंट होईपर्यंत मालकाला फिरवणंच परवडत होतं.

२००५ च्या ‘सिनेट बिल २०’ने हा तिढा सोडवला. तेव्हा गव्हर्नर होते रिक पेरी. आयोगाने आधी वाऱ्याचे पट्टे ठरवायचे. त्या पट्ट्यांच्या वाहिनीला ‘गरज आहे का’ हे नव्याने सिद्ध करावं लागणार नाही. मात्र कंपन्यांनी जमिनीचे करार, अनामत अशा रूपात आपला पैसा अडकवून दाखवायचा. पट्टे ठरले पाच: पॅनहँडलचे (राज्याच्या उत्तर टोकाचे) दोन, मध्य, मध्य-पश्चिम आणि पश्चिमेकडचा मॅकेमी. २००८ मध्ये आराखडा मंजूर झाला, सुमारे १८,५०० मेगावॅट वाहून नेणाऱ्या ३४५ केव्हीच्या (किलोव्होल्ट) वाहिन्यांचा. २०१४ उजाडेपर्यंत सुमारे ३,६०० मैल तारा ओढून झाल्या होत्या, आणि त्या वर्षी थांबवाव्या लागलेल्या पवनविजेचं प्रमाण उतरलं अर्ध्या टक्क्यावर.

‘बाजाराने करून दाखवलं’ असं जे सांगतात, ते इथे अर्धंच सांगतात. वाहिन्यांचा खर्च ग्रिडवरच्या सगळ्या ग्राहकांवर सारखा पसरला. पश्चिमेचा वारा वापरा किंवा वापरू नका, बिलात वाटा आहेच. अंदाज होता ४.९३ अब्ज डॉलरचा, झाला ७ अब्जांच्या आसपास. मूळ हिशेब उपकेंद्रांमधल्या सरळ अंतरावर केलेला, आणि प्रत्यक्षात तार कुंपणांच्या आणि वस्त्यांच्या कडेकडेने वळत जाते. शिवाय मालमत्तेच्या हक्काचा जप करणाऱ्या राज्यात याच वाहिन्यांसाठी जमिनीवर सक्तीने हक्क घेतले गेले. मध्य टेक्सासच्या हिल कंट्री या डोंगराळ भागात त्यावरून रान उठलं आणि गिलेस्पी ते न्यूटन ही वाहिनी रद्द करावी लागली.

तांत्रिक घोळही नंतर बाहेर आला. पॅनहँडलमध्ये ना मोठी मागणी, ना फिरत्या रोटरची जुनी वीजकेंद्रं. तिथल्या पवनचक्क्या इन्व्हर्टरमार्फत जोडलेल्या. वाहिनीत दोष आला की ग्रिडला लागणारा जोरदार प्रवाह त्या देत नाहीत. लांब वाहिनीच्या टोकाला व्होल्टेज डळमळू लागलं की निर्यातीवर मर्यादा घालावी लागते, तार रिकामी असली तरी. म्हणून २०१८ मध्ये अॅलिबेट्स आणि ट्यूल कॅन्यन या उपकेंद्रांत प्रत्येकी १७५ एमव्हीए (मेगाव्होल्ट-अँपिअर) क्षमतेचे सिंक्रोनस कंडेन्सर बसवले. वीज न बनवणारं, नुसतं फिरत राहून ग्रिडला बळ देणारं हे यंत्र. आराखड्यात ते पहिल्यापासून हवं होतं, असं माझं मत.

खरेदी करणाराही चुकू शकतो, त्याचा धडा टेक्सासमधल्याच जॉर्जटाउन शहराचा. रिपब्लिकन महापौर डेल रॉस यांचा मुद्दा हिशेबनिसाचा होता: पवन-सौर विजेचा दीर्घ मुदतीचा ठरलेला दर घ्या, वायूच्या भावाची डोकेदुखी नको. मुद्दा बरोबर, करार मात्र गरजेपेक्षा जास्त विजेचा. उरलेली वीज बाजारात विकून भरपाई होईल असं गृहीत धरलं, आणि बाजारभावच कोसळला. २०१८ मध्ये सुमारे ६८ लाख डॉलरची तूट आली. आज जेवढी मागणी आहे तेवढीच वीज बांधून घ्यायची. उद्याच्या वाढीचा जुगार नगरपालिकेने खेळू नये.

फेब्रुवारी २०२१ च्या थंडीत टेक्सासची वीज गेली, तेव्हा पहिलं बोट गोठलेल्या पवनचक्क्यांकडे दाखवलं गेलं. केंद्रीय चौकशीत निघालं वेगळंच: अचानक बंद पडलेल्या किंवा क्षमता घटलेल्या संचांपैकी ५८ टक्के नैसर्गिक वायूवरचे होते, पवनचक्क्या २७ टक्के. १५ तारखेच्या मध्यरात्रीनंतर ग्रिडची वारंवारता (तिकडे ६० हर्ट्झ) ५९.४ च्या खाली ४ मिनिटं २३ सेकंद राहिली. नऊ मिनिटं राहिली असती तर संरक्षक रिले (आपोआप चालणारे स्विच) एकामागून एक संच ग्रिडपासून तोडत गेले असते.

तरी राग राहिलाच. २०२५ मध्ये पवन-सौर प्रकल्पांवर जाचक अटी लादणारी तीन विधेयकं टेक्सासच्या सिनेटने मंजूर केली; खालच्या सभागृहात ती मेली. विरोधात पर्यावरणवादी होतेच, पण उद्योजक आणि जमीनमालकही होते.

त्या जमीनमालकाच्या हातातला कागद नीट वाचण्यासारखा आहे. आपल्याकडे सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, असा सरळ मामला. तिकडे पवनचक्कीचं भाडं बहुधा विकलेल्या विजेच्या उत्पन्नाचा टक्का म्हणून ठरतं, आणि सगळी मेख ‘उत्पन्न’ या शब्दात असते. प्रमाणपत्रांची विक्री त्यात धरली आहे का? ग्रिडने पंखे थांबवायला लावले, किंवा भाव उण्यात गेला, तर त्या तासांचं काय? किमान रकमेचं कलम नसेल तर हातात भोपळा. खाली तेल असेल तर आणखी सावध राहायचं: खनिजाचा हक्क वेगळ्या माणसाकडे असू शकतो, आणि टेक्सासच्या कायद्यात तो जमिनीवरच्या हक्काला भारी पडतो. विहीर कुठे, पवनचक्की कुठे, याचा त्या माणसाशी लेखी समझोता आधी व्हावा लागतो.

शेवटचं कलम प्रकल्प काढून नेण्याचं. २०१९ पासून टेक्सासात ते सक्तीचं आहे. पवनचक्कीचा पाया जमिनीखाली किमान ३ फुटांपर्यंत काढायचा, आणि त्या खर्चाची हमी कंपनीने उशिरात उशिरा दहाव्या वर्षापर्यंत द्यायची. ३ फूट म्हणजे कापसाच्या शेतात नांगराला काही लागणार नाही एवढं. त्याखालचं काँक्रीट तिथेच राहतं. तेही नको असेल तर खोलीचा आकडा सही करायच्या आधी वाढवून घ्यावा लागतो.