पावसाळ्यातली नोंद: 'बॅड'च्या आवृत्त्या आणि वेगाची भानगड

यंदा ठरवलं होतं की नवीन कॅसेट, तबकडी काही आणायची नाही, घरात आहे तेच शेजारी शेजारी ठेवून ऐकायचं. अर्थात ते पाळलं गेलं नाही, पण ऐकणं मात्र बऱ्यापैकी झालं. त्याचा हा हिशेब.

बेळगावात राहून परदेशी पॉप जमवणाऱ्याला काही गोष्टी आपोआप मिळतात, ज्या पुण्यातल्या मित्रांना पैसे मोजून मिळवाव्या लागतात. कॅम्पात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यामुळे फौजी घरांची ये-जा कायम असते. बदलीचा कागद आला की सामान हलकं करायचं, त्यात इंग्रजी कॅसेटचा खोका आधी निघतो. दुसरा ओघ चोर्ला घाटातून. आखातात किंवा बोटीवर नोकरी केलेले गोवेकर परदेशी छापाचे एलपी, म्हणजे मोठ्या तबकड्या, घेऊन आले, त्यातले काही इकडच्या सोयऱ्यांकडे येऊन पडले. तिसरा ओघ बेंगळूरचा. त्यामुळे शहापुरातल्या एखाद्या माळ्यावरून उतरवलेल्या खोक्यात वर सी. अश्वथांची कन्नड भावगीतं, मध्ये भीमसेनांचे अभंग आणि तळाशी मायकेल जॅक्सन असा थर लागतो. कुमार गंधर्वांचं सुळेभावी इथून जवळच. आणि मी मायकेल गोळा करतो, यावर घरी बोलून झालंय, तेव्हा ते राहू द्या.

मुख्य काम मायकेलच्या 'बॅड'वर झालं. ऑगस्ट १९८७चा हा अल्बम. माझ्याकडे आता भारतीय कॅसेट, गोव्याकडून आलेला युरोपीय एलपी, सुरुवातीच्या काळातली सीडी आणि २००१ची सुधारित सीडी अशा चार प्रती आहेत. यातला पहिला फरक ऐकायच्या आधी मोजूनच कळतो. एलपी आणि कॅसेटवर दहा गाणी, सीडीवर अकरा. अकरावं 'लीव्ह मी अलोन'. सीडी प्लेयर घेणाऱ्याला काहीतरी जादा द्यायचं म्हणून ते फक्त तिथंच ठेवलं होतं. वेगळं एकल (एकाच गाण्याची सुटी तबकडी) म्हणून ते १९८९मध्ये आलं. त्या काळात आपल्या गल्लीत सीडी प्लेयर कोणाकडे होता म्हणा! कॅसेटवर वाढलेल्यांच्या लेखी हे गाणं या अल्बमचं नव्हतंच.

दुसरा फरक जास्त मजेचा. 'आय जस्ट कान्ट स्टॉप लव्हिंग यू' या युगुलगीताच्या आधी जुन्या प्रतींवर मायकेल हळू आवाजात काहीतरी पुटपुटतो, मग सूर लागतो. २००१च्या आवृत्तीत ते बोलणं कापलं. निपाणीच्या एका मित्राकडे फक्त २००१ची सीडी. तो म्हणे, "असलं काही नाहीच त्यात, तू दुसऱ्याच गाण्याचं सांगतोयस." त्याला फोनवर कॅसेट वाजवून दाखवली. गडी अर्धा मिनिट गप्प, मग म्हणाला, "अरे, मला अर्धंच विकलं की!"

२००१च्या सीडीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण यावर वाद होतात. ती पहिल्या झटक्यात भारी वाटते. सगळं पुढं आल्यासारखं, ठसठशीत. पण ती मुळात मोठ्या पातळीवर भरलेली आहे, आणि दोन आवाजांतला जरासा मोठा आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो. संगणकावर दोन्हीची सरासरी पातळी सारखी करून ऐकलं की चित्र पालटतं. जुन्या सीडीवर ड्रमचा ठोका मोकळा वाजतो, नव्यावर तो आजूबाजूच्या आवाजात थोडा चेपलाय. पातळी न जुळवता केलेली तुलना मी आता ऐकूनच घेत नाही.

आता कॅसेट. भारतीय कॅसेट म्हणजे खराब, हे आपल्याकडे न तपासता बोललं जातं. माझ्या प्रतीत उंच पट्टीतले आवाज थोडे मंद आहेत हे खरं, पण खर्ज छान आहे. घोटाळा वेगात आहे. 'स्मूथ क्रिमिनल'च्या पहिल्या ठोक्यापासून शेवटच्या ठोक्यापर्यंत वेळ लावली. सीडीवर जे अंतर २५० सेकंदांचं, ते कॅसेटवर २४४ सेकंदांतच संपतं. म्हणजे कॅसेट जवळजवळ अडीच टक्के पळते. एक अर्धस्वर, म्हणजे पेटीवरची लगतची पट्टी, चढायला साधारण सहा टक्के लागतात, म्हणजे हे गाणं धड या पट्टीत नाही, धड त्या पट्टीत नाही. शेजारचे भजनी मंडळातले काका हौसेनं पेटी घेऊन बसले आणि वैतागले, "दोन पट्ट्यांच्या मधेच लोंबकळतंय की रे हे!"

पण यात माझ्या डेकचा, म्हणजे कॅसेट वाजवायच्या मशीनचा, वाटा किती? कॅसेटचा ठरलेला वेग सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर. ३१५० हर्ट्झचा सूर भरलेली चाचणी कॅसेट लावली तर माझ्या डेकवर तो ३१६५च्या आसपास वाजला. म्हणजे अर्धा टक्का डेकचा, उरलेले दोन टक्के कॅसेटचे. तेव्हा 'माझ्याकडचं व्हर्जन वेगळं आहे, जलद आहे' असं कुणी सांगितलं की आधी डेक तपासा. पन्नास वेळा दोष मशीनचा नाहीतर कॅसेटचा निघतो.

एकावन्नाव्या वेळी मात्र फरक मुद्दाम केलेला असतो. बीटल्सचं 'शीज लीव्हिंग होम' (१९६७) मोनो (एकाच वाटेनं येणाऱ्या आवाजाच्या) मिश्रणात मुद्दामच चढवलंय, तिथं ते एफ पट्टीत आहे. स्टीरिओत (डाव्या-उजव्या दोन वाटांच्या मिश्रणात) एक अर्धस्वर खाली, ई पट्टीत, आणि गाणंही संथ. दोन्ही अधिकृत. इथं वेग 'सुधारायला' गेलात तर मूळच पुसाल.

बीटल्सचा विषय निघालाच आहे तर, भारतात त्यांची गाणी १९६५च्या सुमारापर्यंत ७८च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या तबकडीवर निघत होती. इंग्लंडात तोवर ७८ कधीच बंद झालेली. आपल्याकडे मात्र वीज नसलेल्या घरांत चावीचे फोनो अजून वाजत होते, म्हणून कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात ती छपाई चालू राहिली. त्यामुळे पार्लोफोन या बीटल्सच्या कंपनीच्या लेबलाची ही भारतीय ७८ जगभरचे संग्राहक शोधतात. नंदगडकडच्या एका वाड्यात ७८चा मोठा ढीग आहे म्हणून कळलं, गेलो, हातानं एकेक काढून बघितली. नाट्यपदं, कीर्तनं, कन्नड कंपनी नाटकांची पदं. बीटल्स नाहीत. दोन नाट्यपदं घेऊन आलो. रिकाम्या हातानं उठणं बरं दिसत नाही.

मायकेलच्याच 'हिस्टरी'मुळे (१९९५) एक नवी सवय लागली. त्यातल्या 'दे डोन्ट केअर अबाउट अस'मधल्या ज्यूंबद्दलच्या शब्दांवर आक्षेप आला आणि नंतरच्या छपाईत त्या शब्दांवर कर्कश आवाजाचा थर चढवला. माझ्याकडच्या दोन सीडींची कव्हरं तंतोतंत सारखी. एकीवर शब्द साफ ऐकू येतात, दुसरीवर झाकलेले. म्हणून विकत घेताना आता कव्हर नंतर बघतो. आधी सीडी उलटी करून मधल्या चकचकीत कड्यावरची अक्षरं वाचतो. तिथं आयएफपीआय या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेचा कोड असेल तर ती छपाई १९९४च्या आधीची असण्याची शक्यता कमी. खडेबाजारातला दुकानदार विचारतो, "गाणं वरच्या बाजूला लिवलंय, तू खाली काय वाचतोस रे?"

नव्वदीतल्या इंडीपॉपमध्ये, म्हणजे सिनेमाबाहेरच्या भारतीय पॉपमध्ये, तुलनेला फारसं काही नाही, कॅसेट आणि सीडी एवढंच. अलिशा चिनॉयच्या 'मेड इन इंडिया'सारख्या कॅसेट अजून खोक्यानं मिळतात. जुन्या गाण्यांची दुसऱ्या गळ्यातली 'व्हर्जन' कॅसेट हा वेगळा प्रकार. मूळ ध्वनिमुद्रण निघालेलं असलं की नोटीस आणि मानधन देऊन गाणं पुन्हा गाऊन घ्यायची सोय कायद्यात होती, त्यावर ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटचा पूर आला. मी त्या वेगळ्या कप्प्यात ठेवतो. ती आवृत्ती नव्हे, दुसरं गाणंच.

पावसानं यंदा नाझिया हसनच्या 'डिस्को दीवाने'ची (१९८१) कॅसेट धरली. कॅसेटच्या खिडकीतून बघितलं तर रिळाच्या कडेवर पांढरी पावडर. अशी कॅसेट डेकमध्ये घालायची नाही, बुरशी हेडवर (रीळ वाचणाऱ्या भागावर) जाते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटवर. तिचा डबा चिकटवलेला, स्क्रू नाहीत. सांध्यात ब्लेड घालून हलक्या हातानं तडकवला. कोऱ्या, पाच स्क्रूच्या डब्यात आधी खालचा गुळगुळीत कागद, मग दोन्ही चक्र्या रिळासकट उचलून ठेवल्या. दोन कोपऱ्यांतल्या छोट्या चाकांवरून रीळ फिरवून, नमद्याच्या तुकड्याच्या पुढून नेलं. हा नमदा रीळ हेडवर दाबून धरतो. तो गळलेला असेल तर बाकी सगळं ठीक असूनही आवाज येतो-जातो. मग कोरड्या मऊ कापडातून रीळ सावकाश एकदा पूर्ण गुंडाळून घेतलं. कापड पांढरं झालं, पण वाजतंय. डाव्या बाजूला सुरुवातीचे काही सेकंद दबलेत, ते परत येणार नाहीत. आता सगळ्या कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात. पुड्या महिन्यानं तव्यावर गरम करून घ्यायच्या.

पुढचं काम 'बॅड'च्या भारतीय एलपीचं. तो अजून हाती लागलेला नाही. रामदेव गल्लीत एक होता, पण दुसऱ्या बाजूवर आडवा चरा, आणि मालक किंमत कमी करायला तयार नाही. ज्यांच्याकडे चांगली प्रत आहे त्यांनी लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला नंबर दोन्ही बाजूंचा कळवावा, टॉर्च तिरका धरला की वाचता येतो. माझ्या युरोपीय प्रतीशी ताडून बघायचा आहे. बदल्यात द्यायला 'मेड इन इंडिया'च्या जादा कॅसेट आहेत, आतल्या कागदासकट.