ट्रकवर रुजू होण्यापूर्वी करारात काय पाहावे

नव्याने ट्रक चालवू लागलेले तरुण पगाराचा आकडा विचारतात आणि सही करून मोकळे होतात. मीही न्हावा शेवा बंदर ते इंदूर या मार्गावर पहिली नोकरी धरताना तेच केले होते. डिझेलचा ठरलेला ॲव्हरेज न आल्यास तूट चालकाच्या पगारातून कापली जाईल, हे कलम मी वाचलेच नव्हते. भरलेला कंटेनर घेऊन कसारा घाट चढताना आणि बंदराबाहेर रांगेत तासन्‌तास इंजिन चालू-बंद करताना तो ॲव्हरेज येणार कसा? म्हणून रिकाम्या व भरलेल्या गाडीचा ॲव्हरेज वेगवेगळा लिहून घ्यावा, आणि माल उतरेपर्यंत थांबावे लागल्यास हॉल्टिंगचा भत्ता किती, हेही.

मोटार परिवहन कामगार अधिनियम, १९६१ याने दिवसाला ८ तास आणि आठवड्याला ४८ तास ही सर्वसाधारण मर्यादा घालून दिली होती आणि जादा कामाला दुप्पट दर ठरवला होता. खेपेवर पैसे देणाऱ्या करारात तासांचा उल्लेखच नसेल, तर तो आग्रहाने मागावा.

जादा भाराचा दंड मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे २ हजार रुपये असा आहे. भार मालक ठरवतो, त्यामुळे हा दंड चालकाच्या माथी मारणारे कलम मला सरळ अन्यायकारक वाटते. विमा, भविष्य निर्वाह निधी यांची नोंद तपासावी. गाडी चालवण्याचा आपला मूळ परवाना मात्र कोणाकडेही ठेवायला देऊ नये.