पाण्याचा दिवस

मंगळवार, रात्र

काल पाण्याचा दिवस होता आणि मी घरात नव्हते. सोलापूरबाहेरच्या माणसाला यात काही वाटणार नाही. इथल्या कुठल्याही बाईला विचारा. चार दिवसांआड येणारं पाणी, तेही कधी पहाटे तर कधी भर दुपारी. त्या दिवशी आम्ही मयताला जायचं तरी आधी पिंप भरून घेतो.

तर ते पाणी सोडून मी छातीची तपासणी करून घ्यायला गेले. आणि तिथं सिस्टरनं विचारलं, "काही त्रास?" नाही. "हाताला गाठ लागलीय? बोंडातून पाणी वगैरे?" नाही. "मग आज कशा काय आलात?"

वाईट भावनेनं नाही विचारलं हो. हसत विचारलं, तिला कागदावर काहीतरी लिहायचं असेल. मी म्हटलं, "अक्कांबरोबर आले." कालपासून ते वाक्य दाढेत अडकलेल्या शेंगदाण्याच्या सालासारखं टोचतंय. खरं का ते?

बाकावर बसलेल्या बायकांकडं कारणं तयार होती. एकीच्या लेकीचं लग्न वैशाखात, त्याआधी काय असेल ते निघू दे म्हणाली. एक म्हातारी सरळ म्हणाली, फुकट आहे, बीपी-शुगर पण बघतात. एकीला आशाताईची दया आली होती, पोरगी चार वेळा उन्हातनं दारात आली, नाही कसं म्हणायचं. आजार कुणाच्याच तोंडात नव्हता. तीस वर्षांपुढच्या सगळ्या बायकांनी यावं असं भिंतीवर लिहिलं होतं, पण भिंत वाचून कोण आलंय?

तपासणीला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. हात डोक्याखाली घेऊन आडवं व्हायचं. तीन बोटांच्या पेरांनी गोल गोल, आधी हलकं, मग दाबून, शेवटी काखेत. मी छताच्या पंख्याकडं बघत होते. इतक्या मन लावून मला कुणी शेवटचं कधी तपासलं होतं, असा विचार मनात आला. बाळंतपणात असेल. पुढचं नको.

माझं काही निघालं नाही. अक्कांना मात्र सिस्टरनं थांबवून घेतलं. डॉक्टरीणबाई आल्या, त्यांनी परत बघितलं आणि सिव्हिलची चिठ्ठी दिली. सोनोग्राफी, मॅमोग्राफी. "घाबरू नका, अशा बहुतेक गाठी साध्याच असतात. पण बघितल्याशिवाय सांगता येत नाही," असं दोनदा म्हणाल्या.

आता जे लिहायचं ते लिहिते. सगळ्याजणी अक्कांभोवती जमल्या, कुणी पाणी दिलं, कुणी पाठीवर हात ठेवला. आणि मला अर्ध्या क्षणासाठी वाटलं, मला कुणीच काही विचारत नाही.

म्हणजे मी यासाठी गेले होते? कुणीतरी पाठीवर हात ठेवावा म्हणून?

घरी आले तर पिंपं कोरडी. ह्यांनी विचारलं, "पाण्याच्या वेळेला कुठं होतीस?" सांगितलं. "बरं," म्हणाले आणि भाकरीबरोबरची चटणी शोधायला लागले. रिपोर्ट काय, म्हणून विचारतील असं वाटलं होतं. मी मुद्दाम तो कागद फ्रिजवर लावला. त्याच्यावर आता दुधाचं बिल लागलंय.

रात्री लेकीचा पुण्याहून फोन आला, तिला फार आनंद झाला. मुंबईत टाटा हॉस्पिटलनं १९९८ पासून वीस वर्षं दीड लाख बायकांचा अभ्यास केला म्हणे. निम्म्या बायकांना दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं, काही काळ. पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत तेवढा फरक दिसला नाही. "तू अगदी बरोबर केलंस आई." केलं असेन. पण मला हे रात्री कळलं, गेले मी सकाळी. आणि मी त्रेपन्नची, अक्का सत्तेचाळीसच्या. आकडा माझ्या बाजूला, गाठ त्यांच्या.

सासूबाईंना, माईंना, बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी विचारलं होतं, इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का? माईंना अंघोळ मीच घालायचे. पाठ चोळून द्यायचे. पाठच.

असो.

आज संध्याकाळी अक्का आल्या. विड्यांचं सूप सोबत, बोलता बोलता हात चालूच. काल त्यांच्या निम्म्या विड्या बुडाल्या, त्याची बोलणी घरात बसली असणारच, सांगितलं नाही त्यांनी. मी म्हटलं, अक्का, तुम्ही नेलंत म्हणून मी आले, नाहीतर कुठली येते. त्यांनी पान गुंडाळता गुंडाळता माझ्याकडं बघितलं.

"मी कुठं नेलं वहिनी? सासू गेल्यापासनं तुम्ही रात्री दिवा लावून बसता. म्हटलं हिच्या मनात काय तरी आहे, एकटी जायची नाही. म्हणून आले की मी."

मला काही सुचेना. मग दोघीही हसायला लागलो, तंबाखू सांडली थोडी. म्हणजे मी त्यांच्यासाठी गेले आणि त्या माझ्यासाठी. सिस्टरच्या कागदावर याला रकाना नसणार.

सोनोग्राफी शनिवारी आहे. शनिवारी परत पाणी. अक्का म्हणाल्या, राहू दे, जाऊबाईला नेते. मी म्हटलं, गप बसा.

जेवणं झाल्यावर ह्यांना मोरीपाशी नेलं आणि मोटार कुठल्या बटणावर चालू होते ते दाखवलं. लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. म्हणाले, "हे बटण गीझरचं नाही होय?"