नेक्सॉन ईव्हीची मागची काच: फुटण्यापासून पेस्टिंगपर्यंत

मंडळी, गाडी तीच, २०२० साली आलेली पहिली नेक्सॉन ईव्ही, ३०.२ युनिटची बॅटरी. या खेपेची नोंद बॅटरीची नाही, चार्जरचीही नाही. मागची काच गेली. पावसाळ्यानंतर सोसायटीच्या लॉनवर ब्रश कटर फिरत होता, पात्याखालचा खडा उडाला आणि काचेच्या खालच्या कोपऱ्याला लागला. बस्स, एवढंच. एका क्षणात सगळी काच पांढरी पडली आणि निम्मी डिकीत उतरली.

हाच खडा पुढच्या काचेवर बसता तर टवका उडाला असता आणि त्यात रेझिन भरून काम भागलं असतं. पुढची काच दोन थरांची, मध्ये पीव्हीबी या लवचिक प्लास्टिकचा पडदा, त्यामुळे ती तडकते पण जागा सोडत नाही. मागची मात्र टफन्ड. कारखान्यात ती सहाशे अंशांच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी हवेचे झोत सोडून झटक्यात थंड करतात. वरचा थर आधी आवळतो, आतला मागाहून. म्हणून पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि पोट कायम ताणाखाली राहतं. मधोमध मार बसला तर ती बराच सोसते, कडेला बसला की ताण मोकळा होतो आणि अख्ख्या काचेचे बोथट दाणे होतात. तेव्हा मागच्या काचेची दुरुस्ती नसते, बदलच असतो. अशी काच टफन केल्यावर कापता येत नाही, भोकही पाडता येत नाही. म्हणून 'थोडी घासून बसवू' असं कोणी म्हणालं तर नमस्कार करून बाहेर पडावं. (पोलराइज्ड गॉगल लावून मागच्या काचेकडे बघा. नक्षीसारखे ठिपके दिसतात ना, त्या हवेच्या झोतांच्या खुणा.)

विम्याचा विचार केला. काचेला घसारा लागत नाही, म्हणजे क्लेममध्ये काचेची पूर्ण किंमत धरतात. पण क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो, आणि माझा चढत चढत ५० टक्क्यांवर पोचलेला. आकडेमोड केली तर स्वतः बसवणंच परवडत होतं. शिवाय खरं सांगायचं तर हात शिवशिवत होते.

काच शोधायला नाना पेठेत गेलो. तिथल्या एका काचवाल्याने आधी गाडी कुठली ते विचारलं, मग म्हणाला, "साहेब, घेऊन या, सिलिकॉन मारून अर्ध्या तासात देतो." दादा बोलायला गोड होता, पण सिलिकॉन इथे चालत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं जे सिलिकॉन बाजारात सर्रास मिळतं, ते वाळताना आम्ल सोडतं आणि उघडा पत्रा खातं. त्याची पकडही गाडीच्या काचेसाठी नाही. रबरवाली काच वेगळी, पेस्टिंगची, म्हणजे थेट चौकटीला चिकटवलेली, वेगळी. आमच्या घरी कुर्ल्यात बनलेली पद्मिनी होती. तिची काच रबरात बसायची. वडील रबराच्या खाचेत सुतळी भरायचे, काच बाहेरून टेकवायचे आणि आतून सुतळी ओढत ओढत रबराची ओठी पत्र्यावर चढवायचे. पेस्टिंगच्या काचेला पीयू लागतं, म्हणजे पॉलियुरेथेन, आणि त्याला घाई चालत नाही.

नेक्सॉन ईव्हीचं अंग पेट्रोल नेक्सॉनचंच, त्यामुळे काच मिळणं अवघड नव्हतं. तरी दुकानात उभं राहून तीन गोष्टी ताडल्या: डिफॉगरची (काच तापवून धुकं घालवणाऱ्या ओळींची) टोकं कुठल्या बाजूला आहेत, कडेची काळी पट्टी किती रुंद आहे, आणि कोपऱ्यातला शिक्का. शिक्क्यात आयएसआय खूण आणि आयएस २५५३ हे मानक बघायचं. काळी पट्टी शोभेची नाही. पीयूला ऊन लागलं की ते कमकुवत होतं, ती पट्टी त्याची सावली आहे. टिंटचंही बघून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १०० व्या नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आत यायला हवा, बाजूच्या काचांना ५० टक्के चालतो. दुकानदार 'थोडी डार्क देऊ का' म्हणतोच.

दाण्यांचा पसारा

या कामातला सगळ्यात लांबलेला भाग म्हणजे साफसफाई. व्हिडिओंत हा भाग नेमका कापलेला असतो. सीटवरचे, मॅटवरचे दाणे व्हॅक्यूमने निघाले. सीटबेल्टच्या खाचांत, मागच्या सीटच्या बिजागरीत, डिकीच्या कार्पेटखाली, सगळीकडे दाणे. पण खरा साठा डिकीच्या दरवाजाच्या पोटात. आतलं प्लास्टिक पॅनल काढलं (उचकटायची पट्टी प्लास्टिकचीच वापरा, लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने क्लिपा तुटतात) आणि दरवाजा वरखाली केला तर खुळखुळ्यासारखा आवाज. व्हॅक्यूमच्या तोंडाला मत्स्यालयाची पारदर्शक नळी टेपने जोडली आणि ती पत्र्याच्या भोकांतून आत सारत राहिलो. नळी पारदर्शक असली की दाणे जाताना दिसतात आणि कुठे अजून माल आहे ते कळतं. पाणी निचरण्याची खालची भोकं तारेने मोकळी केली. तिथे दाणे अडकले तर पावसाचं पाणी दरवाजात साठेल आणि मग पत्रा गंजेल.

साध्या गाडीत चार-दोन दाणे राहिले तर इंजिनाच्या आवाजात जिरून जातात. ईव्हीत लपायला जागा नाही. चाळीसच्या वेगाला सुद्धा एक दाणा टिकटिक करत राहतो आणि माणूस वेडा होतो. म्हणून इथे मी कंजुषी केली नाही.

बारा व्होल्ट आधी

'ईव्ही आहे, शॉक नाही का बसणार?' हे शेजारी, मेहुणा, वॉचमन सगळ्यांनी विचारून झालं. हाय व्होल्टेजचा पॅक जमिनीखाली आहे, त्याच्या केबल नारिंगी असतात आणि डिकीच्या दरवाजात एकही नारिंगी केबल येत नाही. तिथलं सगळं बारा व्होल्टवर चालतं: डिफॉगर, वायपर, ब्रेकलाइट, लॅच.

धोका वेगळाच आहे. डिकी तासन्‌तास उघडी, आतला दिवा चालू, गाडी मधूनमधून जागी होतेय, अशात छोटी बारा व्होल्टची बॅटरी बसते. ती बसली की खालचा मोठा पॅक भरलेला असूनही गाडी चालू होत नाही, कारण त्या पॅकचे कॉन्टॅक्टर, म्हणजे त्याची वीज जोडणारे मोठे स्विच, ओढायला बारा व्होल्टच लागतात. म्हणून चार्जिंगची गन काढली, गाडी बंद केली, डिकी उघडी ठेवली आणि मगच बॉनेटखाली जाऊन दहाच्या पान्याने बारा व्होल्ट बॅटरीचा निगेटिव्ह सोडवला. क्रम हाच ठेवा. लॅच विजेची आहे, आणि डिकी बंद असताना बॅटरी सोडवली तर आतून वाकून ती उघडत बसावं लागेल. आपल्या बाबतीत निदान काच नसल्यामुळे आत शिरायला जागा तरी होती.

जुनं पीयू

काच फुटली तरी तिची कड चौकटीला चिकटलेलीच राहते. अख्खी काच उतरवायची असती तर पीयूतून पियानोची तार ओवून दोघांनी करवतीसारखी ओढावी लागली असती. इथे ते सुटलं. चष्मा, जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि धारदार लांब पात्याचा कटर.

आणि इथे थांबायचं कुठे ते महत्त्वाचं. पत्र्यापर्यंत सगळं पीयू खरवडून काढायचा मोह होतो, दिसायला स्वच्छ दिसतं. तसं करायचं नसतं. जुन्या पीयूचा एक-दोन मिलिमीटरचा सपाट थर ठेवायचा. कारखान्यात रंगावर बसलेलं ते पीयू चांगलं धरून असतं आणि ताज्या कापलेल्या जुन्या पीयूवर नवं पीयू सगळ्यात छान चिकटतं. रंग जिथे खरवडला गेला असेल तिथे फक्त प्रायमर, म्हणजे पीयूआधी द्यायचा अस्तराचा थर. उघड्या पत्र्यावर प्रायमरशिवाय पीयू लावलं तर गंज आतून चालू होतो, आणि तो दिसतो तेव्हा चौकट गेलेली असते. कापल्यावर त्या थराला बोट लावायचं नाही. हाताचं तेलही पुरतं पकड बिघडवायला.

डिफॉगर काच हातात असतानाच तपासा

ही गोष्ट मला कुठल्याच व्हिडिओत सापडली नाही म्हणून जरा विस्ताराने लिहितो. काच चिकटल्यावर डिफॉगरची एखादी ओळ मेलेली निघाली तर दुरुस्ती होते, पण उभ्या काचेवर, आतून, मान वाकडी करून. त्यापेक्षा काच सतरंजीवर आडवी असताना करा.

आधी मल्टिमीटरने दोन टोकांमधला रोध बघितला. एक ओमच्या आसपास आला. प्रोबच्या वायरींचा स्वतःचाच थोडा रोध असतो, तो वजा करायला विसरू नका, नाहीतर इतक्या छोट्या आकड्यात हिशेब फसतो. मग घरातल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीवरून फ्यूज लावून बारा व्होल्ट दिले आणि काचेवर झाडांना पाणी मारायच्या बाटलीने धुकं फवारलं. ओळी एकेक करून स्वच्छ होत गेल्या, खालून तिसरी तशीच धुरकट. तुटलेली ओळ शोधायची पद्धत सोपी: मीटरचा काळा प्रोब निगेटिव्ह टोकावर ठेवायचा आणि लाल प्रोब ओळीवरून सरकवायचा. चांगल्या ओळीत व्होल्ट हळूहळू उतरतात, बरोबर मध्यावर सहा. तुटलेल्या ओळीत एका जागी बारावरून एकदम शून्य. तीच जागा. दोन्ही बाजूंना टेप लावून मधल्या फटीत चांदीचा कंडक्टिव्ह पेंट दिला, रात्रभर वाळू दिला. सकाळी परत फवारा मारला, ओळ बाकीच्यांबरोबर उघडली.

डिफॉगर लावला की रेंज खातो ही भीती ऐकतो अधूनमधून. एक ओम म्हणजे साधारण दीडशे वॅट. तासभर सलग चालला तरी ०.१५ युनिट, ३०.२ युनिटांतून अर्धा टक्का. आणि तो तासभर चालतच नाही, गाडी स्वतःच बंद करते. एसी याच्या कितीतरी पट ओढतो, त्याबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

पेस्टिंग

आधी कोरडी बैठक. काच नुसती टेकवून चारी बाजूंची फट सारखी केली आणि काचेवरून पत्र्यावर टेपच्या पट्ट्या लावून त्या फटीवर कापल्या. खऱ्या वेळी पट्टीला पट्टी जुळली की झालं. काचेच्या काळ्या पट्टीवर ॲक्टिव्हेटर (पीयूची पकड वाढवणारं द्रव) पुसला, तो उडून जाईपर्यंत थांबलो, प्रायमर लागेल तिथे लावला आणि डब्यावर लिहिलेला वेळ पूर्ण दिला.

पीयूच्या कार्ट्रिजची तारीख बघून घ्या, जुनं असेल तर आतच घट्ट झालेलं असतं. नळीच्या तोंडाला उलट्या 'व्ही'ची खाच कापली म्हणजे पीयूची त्रिकोणी, उंच धार पडते. बारा-तेरा मिलिमीटर उंच, काच दाबल्यावर ती पसरून निम्म्यावर येते. कोपऱ्यात हात थांबू द्यायचा नाही, आणि सुरुवात-शेवटाचा जोड खाली कडेला, वर मधोमध नाही. पाणी वरून येतं.

धार पडल्यावर दहा-पंधरा मिनिटांत वर साय धरते, तेव्हा त्याआधी काच बसलीच पाहिजे. मेहुणा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, दोघांकडे सक्शन कप. "दाजी, जरा डावीकडे," "नको, तू वर घे," एवढ्या संवादात काच बसली. तळव्याने सगळीकडून सारखी दाबली, टेपने बांधली. इतक्या तयारीनंतर खरं बसवणं चहा उकळायच्या आत आटपलं.

पीयू हवेतल्या ओलाव्याने पिकतं. दिवाळीनंतरची पुण्याची हवा कोरडी, म्हणून ते सावकाश गेलं. पावसाळ्यात लवकर पिकेल, पण तेव्हा चौकट कोरडी मिळणं मुश्कील. साधारण २३ अंशाला आणि निम्म्या आर्द्रतेला दिवसाला तीन-चार मिलिमीटर आत पिकतं असा हिशेब धरतात. तोवर दारं आपटायची नाहीत. दारं मिटताना आतली हवा दबते आणि ओली काच बाहेर ढकलते. म्हणून बाजूच्या काचा दोन बोटं उघड्या ठेवल्या आणि घरच्यांना दम दिला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी सोडलं. जोराचा पंप नाही, नुसता पाइप, खालून वर. आतल्या कडेला टिश्यू पेपर लावून ठेवले होते. सगळे कोरडे. मग डिफॉगरचे टोक जोडले, निगेटिव्ह परत लावला, ब्रेकलाइट, वायपर, लॅच सगळं चालू.

रस्त्यावर काढली. शंभरच्या आसपास वाऱ्याची शिट्टी नाही. टिकटिक मात्र आली, डाव्या बाजूने. दाणा वाटला होता, निघाली पॅनलची एक सैल क्लिप.

बाकी कामं: ती क्लिप बदलायची आहे, वायपरचं रबर नवं घ्यायचं आहे आणि जोराच्या पंपाने एकदा वरच्या कोपऱ्यांवर पाणी मारून बघायचं आहे. तोपर्यंत आतलं पॅनल दोनच क्लिपांवर टांगलेलं राहील. चांदीच्या पेंटचा जोड किती हिवाळे टिकतो याचा कोणाला अनुभव असेल तर जरूर सांगा, ओळ पुन्हा गेली तर टोकावर सोल्डर करावं की परत पेंटच द्यावा हे ठरवायचं आहे.