मांडीचं दुखणं

दिवाळीत चकल्या तळताना आईच्या हातावर कढईतलं तेल सांडलं आणि स्किन ग्राफ्टिंग करावं लागलं, म्हणजे मांडीची पातळ कातडी काढून हातावर लावली. ५व्या दिवशी ड्रेसिंग उघडलं तर ग्राफ्ट छान गुलाबी, धरलेलं, पण आई मांडीच्याच दुखण्याने कळवळत होती. जिथून कातडी काढतात ती जागा जास्त ठणकते हे आधी सांगा ना कोणीतरी! ती भरायला दोनेक आठवडे गेले. आता प्रेशर ग्लोव्ह, म्हणजे व्रण दाबून ठेवणारा घट्ट हातमोजा, दिवसाचे २३ तास, तेही कित्येक महिने, शिवाय खोबरेल तेलाने मालिश आणि बोटं वळवायचा व्यायाम. काल आईने स्वतः पोळी लाटली, मी दोन जास्तच खाल्ल्या.